ताफ्याचा कार्बन कमी करायच्या नोकरीत उतरताय? ठाणे–नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

तळोजा, महापे, रबाळे, वागळे इस्टेट आणि तिकडे भिवंडीचा गोदामपट्टा. या भागातल्या वाहतूक कंपन्यांत हल्ली एक नवी जागा निघू लागली आहे. जाहिरातीत तिचं नाव फ्लीट सस्टेनेबिलिटी एक्झिक्युटिव्ह, ईव्ही ऑपरेशन्स असोसिएट, ईएसजी अ‍ॅनालिस्ट असं काहीही असतं. काम ठरलेलं असतं: कंपनीच्या गाड्या वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड सोडतात ते काढायचं आणि पुढच्या वर्षी तो कमी करून दाखवायचा. मागणी वरून येते. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्या मग त्यांचा माल वाहणाऱ्या शेठला एक एक्सेल शीट पाठवतात, शेठ ती सुपरवायझरकडे सरकवतो, आणि ती भरता येणारा माणूस शोधायची वेळ येते.

नवीन माणूस बहुतेक वेळा इलेक्ट्रिक गाड्यांची माहितीपत्रकं गोळा करण्यापासून सुरुवात करतो. सुरुवात डिझेलच्या पावत्यांपासून करावी. किती लिटर जळतं, त्यातलं किती माल वाहताना आणि किती मोकळ्या फेरीत, हे कळल्याशिवाय कोणती गाडी बदलायची हे ठरवता येत नाही. आणि ते कळतं तेव्हा बऱ्याचदा असं दिसतं की पहिली मोठी बचत एकही गाडी न बदलता होणार आहे.

पावत्या, किलोमीटर आणि चार आकडे

चार आकडे पाठ असू द्या. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो सीओटू, एक लिटर पेट्रोलला २.३१ किलो, एक किलो सीएनजीला सुमारे २.७५ किलो. विजेचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं. अलीकडच्या वर्षांत तो एका युनिटला ०.७१ ते ०.७३ किलोच्या आसपास आहे. या लेखात ०.७२ धरलाय. प्रत्यक्ष कामात मात्र त्या वर्षीचा प्रसिद्ध आकडा वापरा आणि कोणत्या आवृत्तीतला घेतला ते शीटवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी विजेचा आकडा बदलला आणि तुमची बेरीज कमी झाली, तर ती तुमच्या कामामुळे कमी झाली की देशाच्या वीजनिर्मितीमुळे, हे सांगता आलं पाहिजे.

पेट्रोलमध्ये एक गुंता आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलचा सीओटू जैविक मानला जातो आणि वेगळ्या रकान्यात दाखवला जातो, त्यामुळे एका लिटरमागचा जीवाश्म इंधनाचा हिस्सा २.३१ चा ८० टक्के, म्हणजे सुमारे १.८५ किलो उरतो. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, लिटर वाढतात. म्हणून जुन्या अ‍ॅव्हरेजवरून लिटर काढून त्याला १.८५ ने गुणणं चूक. खरेच भरलेले लिटर घ्यायचे.

लिटर मिळवणं हेच खरं कष्टाचं काम. फ्युएल कार्ड असेल तर महिन्याचं स्टेटमेंट येतं. नसेल तर ड्रायव्हरने आणलेल्या पावत्या असतात, काही ओल्या, काही कोऱ्या पडलेल्या. थर्मल कागदावरची शाई उन्हात डॅशबोर्डवर राहिली की उडते. पावती आली त्याच दिवशी फोटो काढून गाडी नंबर, तारीख, लिटर आणि किलोमीटर रीडिंग या चार गोष्टी टाकायच्या. रुपयांवरून लिटर काढायची सवय लावून घेऊ नका. लांबच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्या गुजरात हद्दीत टाकी फुल करतात, तिथला दर वेगळा असतो आणि भागाकार फसतो.

किलोमीटरसाठी ओडोमीटर आणि जीपीएस दोन्ही घ्या. दोन्हीत दोन-चार टक्के फरक राहणारच. पाच टक्क्यांच्या वर गेला तर कारण शोधा: मीटर बंद पडलंय, टायरचा साइज बदललाय, जीपीएसचं कनेक्शन सैल आहे किंवा मुंब्रा बायपासच्या डोंगराआड सिग्नल तुटून सरळ रेषेत अंतर मोजलं जातंय. अ‍ॅव्हरेज काढताना टाकी फुल ते टाकी फुल एवढंच धरा. अर्ध्या टाकीवर काढलेलं अ‍ॅव्हरेज ड्रायव्हरशी भांडण लावण्यापलीकडे उपयोगाचं नसतं.

डिझेलच्या बिलात गाड्यांव्यतिरिक्त काय काय घुसतं तेही बघा. गोदामाचा जनरेटर, फोर्कलिफ्ट, शेठची स्वतःची गाडी. जनरेटर आणि फोर्कलिफ्ट उत्सर्जनात धरायचेच आहेत, पण ताफ्याच्या रकान्यात नाही. अ‍ॅडब्लूही सुटतं. बीएस-६ च्या मोठ्या गाड्यांत धूर स्वच्छ करायला वापरायचं हे द्रव डिझेलच्या तीन ते पाच टक्के लागतं आणि त्यातल्या युरियामुळे लिटरमागे साधारण पाव किलो सीओटू निघतो. बेरजेत हा आकडा किरकोळ आहे, पण तपासणीला येणारा माणूस नेमकं तेच विचारतो.

मग येतात अटॅच्ड गाड्या. उत्सर्जनाचे तीन गट करतात, त्यांना स्कोप म्हणतात: कंपनीच्या स्वतःच्या गाड्यांचं इंधन स्कोप १ मध्ये, चार्जिंगसाठी घेतलेली वीज स्कोप २ मध्ये, आणि भाड्याने लावलेल्या दुसऱ्याच्या गाड्या बहुतेक करून स्कोप ३ मध्ये जातात. सीमा कुठे आखायची हे कंपनीने एकदा ठरवून लिहून ठेवायचं असतं आणि दरवर्षी तीच ठेवायची असते. या भागातल्या ताफ्यांत अटॅच्ड गाड्या स्वतःच्या गाड्यांहून जास्त असणं नवीन नाही. दहा गाड्या विकून त्याच गाड्या नव्या मालकांकडून अटॅच करून घेतल्या की स्कोप १ झपकन खाली येतो आणि धूर तेवढाच राहतो. असली 'बचत' अहवालात घालायला सांगितली तर दोन्ही स्कोप शेजारी शेजारी छापा, आकडा आपोआप बोलतो. अटॅच्ड गाडीचे लिटर मालक देत नसेल तर फेरीचं अंतर आणि त्या मॉडेलचं अ‍ॅव्हरेज यावरून अंदाज काढा आणि पुढे 'अंदाज' असं स्पष्ट लिहा. मोजलेला आणि अंदाजाचा आकडा एकाच रंगात कधीही दाखवू नका.

रीफर गाडीतला गॅस

हा मुद्दा छोटा वाटतो म्हणून राहून जातो. तुर्भ्याच्या एपीएमसीत किंवा तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजला चालणाऱ्या रीफर, म्हणजे माल थंड ठेवून नेणाऱ्या गाड्यांच्या कूलिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी अजून आर-४०४ए हा गॅस असतो. त्याचा तापमानवाढीचा गुणांक जुन्या आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार ३,९२२ आहे. म्हणजे एक किलो गॅस गळाला की ३.९ टन सीओटूइतका परिणाम. डिझेलमध्ये सांगायचं तर जवळजवळ १,४६० लिटर. मेकॅनिकने 'थोडा गॅस भरला साहेब' म्हणून दिलेलं बिल म्हणजे एखाद्या मिनी ट्रकच्या कित्येक महिन्यांच्या इंधनाएवढं उत्सर्जन असू शकतं.

म्हणून गॅस भरल्याच्या प्रत्येक बिलावर किती किलो भरला हे लिहून घ्या. नुसतं 'गॅस चार्जिंग १ नग' लिहिलेलं बिल परत पाठवा. वर्षात दुसऱ्यांदा गॅस भरावा लागला तर ती गळती आहे. होजच्या जोडापाशी आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलपाशी साबणाच्या पाण्याने किंवा लीक डिटेक्टरने शोधायला लावा. भेगाळलेली होज नुसती आवळून चालत नाही, बदलावी लागते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत कंडेन्सरच्या फिन्स आणि नळ्या लवकर गंजतात, त्यामुळे इथल्या गाड्यांना ही तपासणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा हवी. मोठ्या युनिटला स्वतंत्र इंजिन आणि वेगळी डिझेल टाकी असते. तिचे लिटर गाडीच्या लिटरमध्ये मिसळले तर ड्रायव्हरचं अ‍ॅव्हरेज विनाकारण वाईट दिसतं.

मोकळी फेरी

खरा मोठा आकडा इथे आहे. न्हावा शेवा ते भिवंडी एका बाजूला ६० किलोमीटर धरू. ट्रेलर २५ टन आयात माल घेऊन जातो, लिटरला ३.२ चं अ‍ॅव्हरेज: १८.७५ लिटर. मोकळा परत येतो, ४.५ चं अ‍ॅव्हरेज: १३.३ लिटर. एकूण ३२ लिटर, ८६ किलो सीओटू. काम झालं २५ टन गुणिले ६० किलोमीटर, म्हणजे १,५०० टन-किलोमीटर. भागाकार: टन-किलोमीटरला ५७ ग्रॅम.

आता परतीलाही निर्यातीचा २५ टनांचा कंटेनर मिळाला असं समजा. डिझेल वाढून साडेसदतीस लिटर होतं, सीओटू १०० किलोवर जातो, पण काम दुप्पट, ३,००० टन-किलोमीटर. उत्तर ३३.५ ग्रॅम. चाळीस टक्के घट, आणि एक रुपयाची नवी गाडी न घेता. अट एवढीच की त्या निर्यातीच्या मालासाठी जी दुसरी गाडी मोकळी भिवंडीला गेली असती ती खरोखर गेली नाही.

कंटेनर व्यवसायात याची एक पद्धत आहे. आयातीचा कंटेनर खाली झाला की तो एम्प्टी यार्डात नेऊन टाकण्याऐवजी थेट जवळच्या निर्यातदाराकडे भरायला न्यायचा. ऐकायला सोपं, अडतं चार ठिकाणी. कंटेनर शिपिंग लाइनचा असतो, तिची परवानगी आधी लागते. निर्यातदाराची बुकिंग त्याच लाइनची असावी लागते. साइज आणि दर्जा जुळावा लागतो. रसायनाचा वास मारणारा कंटेनर तांदूळवाला घेत नाही. आणि मोफत दिवस संपत आले असतील तर डिटेन्शनच्या, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याच्या दंडाच्या भीतीने सगळे घाईघाईने कंटेनर यार्डात टाकून मोकळे होतात. नवीन माणसाने इथे एक साधी शीट बनवावी: पुढच्या तीन दिवसांत कुठे, कोणत्या लाइनचा, कोणत्या साइजचा कंटेनर खाली होणार, आणि शेजारच्या रकान्यात निर्यातीच्या बुकिंग. दोन्ही याद्या डिस्पॅचच्या टेबलावर आधीपासूनच असतात, फक्त दोन वेगळ्या माणसांकडे. ही शीट सकाळी दहाच्या आत पोहोचली तरच उपयोग. दुपारनंतर गाड्या लागून गेलेल्या असतात.

ऐरोली, महाप्याच्या आयटी पार्कला कर्मचारी नेणाऱ्या बसमध्ये हेच दुखणं डेड किलोमीटर नावाने ओळखलं जातं: गाडी उभी राहते तिथपासून पहिल्या पिकअपपर्यंत आणि शेवटच्या ड्रॉपपासून परत. कळंबोलीत उभी राहणारी बस घोडबंदर रोडवरून पहिली माणसं उचलत असेल तर रोजचे ५० किलोमीटर कोणालाही न बसवता जातात. लिटरला चारच्या अ‍ॅव्हरेजने साडेबारा लिटर, ३३ किलो सीओटू. महिन्याचे २५ दिवस धरले तर आठशे किलोंच्या वर. उपाय म्हणजे बस जिथून पहिला पिकअप घेते तिकडे रात्रीची पार्किंगची जागा शोधणं. ती जागा भाड्याने घ्यायला अकाउंट्स नाही म्हणतं, तेव्हा वाचलेल्या डिझेलचे रुपये काढून दाखवायचे. कार्बनच्या आकड्याने मंजुरी मिळेल अशी आशा ठेवू नका.

उभी गाडी, टायर, ब्रेक

शिळफाट्याची रांग, पोर्टच्या गेटबाहेरची रांग, दिवसाच्या ठरावीक तासांत अवजड गाड्यांना ठाण्यात शिरायला बंदी म्हणून टोलनाक्याअलीकडे थांबलेले ट्रक. या सगळ्यात इंजिन चालू राहतं. छोटी पिकअप उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर खाते, मध्यम ट्रक एक लिटरच्या आसपास, ट्रेलर दोन लिटरपर्यंत किंवा त्याहून जास्त. तीस मध्यम ट्रक रोज एक तास असे उभे राहिले तर ३०० दिवसांत नऊ हजार लिटर, म्हणजे २४ टन सीओटू.

टेलिमॅटिक्सचा, म्हणजे गाडीतल्या ट्रॅकिंग डिव्हाइसचा आयडलिंग (उभ्या गाडीचं चालू इंजिन) रिपोर्ट काढून ड्रायव्हरच्या अंगावर धावून जाण्याआधी त्यातली खोट तपासा. इंजिन चालू की फक्त इग्निशन चालू, हे स्वस्त डिव्हाइसला कळत नाही. किल्ली फिरवून मोबाइल चार्ज करत बसलेला ड्रायव्हर त्यात इंजिन चालू ठेवणारा दिसतो. टिपरची ट्रॉली उचलायला इंजिन लागतं, इंजिनवर चालणाऱ्या रीफरला तर थांबल्यावरही लागतं. अशा गाड्या वेगळ्या काढा. आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता गेटबाहेर तीन तास थांबलेल्या माणसाला 'एसी बंद ठेवा मामा' म्हणून सांगणं निरर्थक आहे. तिथे उपाय स्लॉट बुकिंगचा, गाडी अर्धा तास उशिरा सोडण्याचा, किंवा सावलीची थांबायची जागा शोधण्याचा.

टायरची हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासायची. तीस किलोमीटर धावून आलेल्या टायरमध्ये प्रेशर चढलेलं दिसतं. ते बघून कोणी हवा काढली तर दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर धावतो. किती हवा हे दरवाजावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, पंपवाल्याच्या अंदाजावर नाही. मोठ्या ट्रकच्या सगळ्या टायरमध्ये दहा पीएसआय कमी असेल तर इंधनात अर्धा ते एक टक्का जातो आणि टायरचं आयुष्य त्याहून जास्त जातं. मागच्या जोडटायरमधला आतला टायर कोणी तपासत नाही कारण व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही. व्हॉल्व्ह एक्स्टेन्शन बसवून घ्या, अगदी स्वस्त असतं.

ब्रेक चिकटत असतील तर गाडी ओढल्यासारखी चालते आणि ड्रायव्हर 'पिकअप नाही' अशी तक्रार करतो. फेरीहून आल्या आल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळ्या हबचं तापमान बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर फिटरला दाखवा. बीएस-६ गाड्यांत आणखी एक गोष्ट: शहरात दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो, कारण त्यातली काजळी जाळायला एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही. मग रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळायची प्रक्रिया, वारंवार चालू होतं आणि जादा डिझेल जातं. डॅशबोर्डवर रीजनरेशनचा दिवा दिसला की ड्रायव्हरने इंजिन बंद न करता प्रक्रिया पुरी होऊ द्यायची असते. वर आयडलिंगबद्दल जे सांगितलं त्याला हा अपवाद, आणि ड्रायव्हरला हा फरक समजावून सांगणं तुमचंच काम. पीसीआरए ही सरकारी संस्था इंधनबचतीचे ड्रायव्हर प्रशिक्षण कार्यक्रम घेते. दोन-तीन छोट्या मालकांनी मिळून बोलावलं तर बॅच भरते.

अ‍ॅव्हरेजवर बक्षीस ठेवताना एकाच मार्गावरच्या, एकाच मॉडेलच्या गाड्यांची तुलना करा. गायमुखच्या चढावर रोज भरून जाणारा आणि पामबीचवर सपाट धावणारा, दोघांना एकच मापदंड लावला तर चांगला ड्रायव्हर पहिला सोडून जातो.

इलेक्ट्रिक कुठे लावायची

आता गाडी बदलण्याचा हिशेब. डिझेल मिनी ट्रक मोकळ्या रस्त्यावर लिटरला १६ देतो असं धरू: किलोमीटरला १६८ ग्रॅम. त्याच आकाराचा इलेक्ट्रिक मिनी ट्रक, चार्जिंगमधली गळती धरून, मीटरवर किलोमीटरला ०.१९ युनिट घेतो: गुणिले ०.७२, म्हणजे १३७ ग्रॅम. घट जेमतेम १८ टक्के. शून्य प्रदूषण लिहिलेल्या स्टिकरमागचा हा हिशेब पाहून नवे लोक दचकतात. डिझेल काढणं, शुद्ध करणं, आणणं हेही धरलं तर लिटरचा आकडा तीन किलोंच्या वर जातो आणि फरक वाढतो, पण मग विजेच्या बाजूलाही कोळसा खाणीपासून तारांमधल्या गळतीपर्यंत सगळं धरायला हवं. एका बाजूला पूर्ण साखळी आणि दुसऱ्या बाजूला फक्त सायलेन्सर, अशी तुलना करू नका.

आता तीच डिझेल गाडी घोडबंदर रोडच्या गर्दीत टाका. अ‍ॅव्हरेज १२ वर येतं, किलोमीटरला २२३ ग्रॅम. इलेक्ट्रिक गाडी थांबली की तिची मोटर काही घेत नाही, ब्रेक मारताना थोडी वीज परत घेते, तिचा आकडा फारसा हलत नाही. घट ३८ टक्क्यांच्या आसपास. म्हणून इलेक्ट्रिक गाडी सगळ्यात वाईट रहदारीच्या, कमी अंतराच्या, रोज त्याच जागी परतणाऱ्या फेरीवर पहिली लावावी. वागळे इस्टेटमधून ठाणे शहरात, तुर्भ्यातून वाशी-नेरूळमध्ये, अशा फेऱ्या. आणि गोदामाच्या पत्र्यावर सोलर असेल तर हिशेब पुरताच बदलतो. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास, जुलैत बरीच कमी.

तीनचाकीचं गणित आणखी सरळ आहे. मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी मीटरवर किलोमीटरला ०.०८ युनिट घेते, म्हणजे ५८ ग्रॅम. किलोला ३० देणारी सीएनजी तीनचाकी ९२ ग्रॅम. शिवाय सीएनजीच्या पंपावरची रांग वाचते. बॅटरीवरच्या व्यावसायिक गाड्यांना २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने परमिटच्या अटीतून सूट दिलेली आहे, ही गोष्ट छोट्या मालकाला पटवताना उपयोगी पडते.

माहितीपत्रकातली रेंज जशीच्या तशी धरू नका. टाटा एस ईव्हीच्या २१.३ युनिटच्या बॅटरीला १५४ किलोमीटरची प्रमाणित रेंज दिली गेली. प्रत्यक्ष भरलेल्या गाडीची फेरी आखताना प्रमाणित आकड्याच्या ६५ ते ७० टक्के धरा, म्हणजे रोज साधारण शंभर. त्यात बॅटरी जुनी होणं, ओव्हरलोड आणि संध्याकाळी अचानक वाढलेला एक ड्रॉप, तिन्ही सामावतात. पासिंग, म्हणजे आरटीओने मंजूर केलेलं वजनही बघा: बॅटरीच्या वजनामुळे मालाची क्षमता कमी असू शकते. एका डिझेल गाडीच्या जागी दोन इलेक्ट्रिक लागत असतील तर किलोमीटर दुप्पट होतात आणि सगळा हिशेब उलटतो.

चार्जिंग हा या कामातला सगळ्यात जास्त फसणारा भाग. वीस गाड्या, प्रत्येकीला रात्री १५ युनिट, ३.३ किलोवॉटचे पॉइंट. रात्री नऊला सगळ्या एकदम लावल्या तर ६६ किलोवॉटचा भार. त्याच गाड्या दहा-दहाच्या दोन पाळ्यांत लावल्या तर प्रत्येक पाळीला साडेचार तास, भार ३३ किलोवॉट, सकाळी सहापर्यंत सगळ्या तयार. मंजूर भार निम्मा म्हणजे महिन्याचा डिमांड आकार निम्मा, आणि नवी केबल किंवा ट्रान्सफॉर्मर लागण्याची शक्यताही कमी. दुसऱ्या पाळीच्या प्लग लावायला रात्री दीडला माणूस लागतो. वॉचमनवर सोडलं तर आठवड्यातून एकदा गाड्या अर्ध्या चार्ज निघतात. टायमर किंवा लोड मॅनेजमेंट असलेले चार्जर घ्यावेत, चारच महिन्यांत पटेल.

वीज कोणाकडून हे आधी बघा. ठाणे शहर आणि नवी मुंबईत महावितरण, पण भिवंडीत आणि शीळ-मुंब्रा-कळवा भागात वितरण टोरेंट पॉवरकडे आहे, अर्ज तिकडे करावा लागतो. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी मिळते, त्यासाठी वेगळा मीटर घ्या. वेगळा मीटर नसेल तर गाड्यांची वीज गोदामाच्या एसीमध्ये मिसळते आणि तुमचा स्कोप २ चा आकडा अंदाजाचा होतो. गाळा भाड्याचा असेल तर जागामालकाचं संमतीपत्र आधी. बहुतेक प्रकल्प याच कागदासाठी रखडतात. कोणत्या तासांना सूट आणि कोणत्या तासांना जादा आकार हे बिल आणि दरपत्रकावर नीट वाचा. हल्ली सूट दिवसाच्या सौर तासांकडे सरकली आहे, त्यामुळे दुपारी माल भरताना दोन तास गाडी लावता येते का हेही तपासा.

अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर सुरूच होत नाही किंवा मध्येच ट्रिप होतो. दोष चार्जरचा समजून कंपनीला फोन जातात, शेवटी खड्ड्यातली पट्टी गंजलेली निघते. प्रत्येक पॉइंटला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. एकाच आरसीसीबीवर पाच पॉइंट टाकले तर एक गाडी पाचही बंद पाडते. एक्स्टेन्शन बोर्ड आणि घरगुती सॉकेट वापरू देऊ नका, चार-पाच तास सतत भार चालला की प्लग वितळतात. चार्जरचा ओटा मागच्या पुराची खूण बघून बांधा. भिवंडीत कामवारी नदीकाठ आणि कळंबोलीचा सखल भाग, इथे ही खूण भिंतीवर दिसतेच.

काय शिकून यावं

डिग्री कोणती हा प्रश्न दुय्यम आहे. वाणिज्य शाखेची मुलं पावत्या आणि बेरजा पटकन पकडतात, डिप्लोमा-मेकॅनिकलवाली गाडी समजतात, पर्यावरणशास्त्रवाल्यांना अहवालाची भाषा येते. प्रत्येकाला बाकीचे दोन शिकावेच लागतात. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि लुकअप, आरसीवरचं एकूण वजन आणि मोकळ्या गाडीचं वजन वाचता येणं, वीजबिलावरची मंजूर मागणी आणि नोंदलेली मागणी यातला फरक. एवढं येत असेल तर पहिल्या महिन्यात पाय रोवता येतात. जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजायच्या पद्धतीची मार्गदर्शिका आणि विद्युत प्राधिकरणाचा सीओटू डेटाबेस फुकट मिळतात, दोन्ही वाचा. मालवाहतुकीसाठी आयएसओ १४०८३ हे २०२३ चं मानक आहे. विकत घ्यायची गरज नाही, पण मोकळ्या फेऱ्या हिशेबात धरायच्या असं ते सांगतं एवढं माहीत असू द्या. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक व्हेइकल मेकॅनिकचा ट्रेड आहे, त्यातून आलेल्यांना डेपोत लगेच काम मिळतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी मॅनेजरची परीक्षा पुढे बढतीला कामी येते, सुरुवातीला तिच्यामागे लागू नका.

मुलाखतीत बऱ्याचदा एक महिन्याची इंधनाची शीट देऊन 'यात काय चुकलंय' असं विचारतात. बघायच्या गोष्टी: एकच पावती क्रमांक दोनदा, टाकीच्या क्षमतेपेक्षा जास्त लिटर, मागे गेलेलं ओडोमीटर, एकाच दिवशी दोन शहरांत भरलेलं डिझेल, आणि अचानक दीडपट झालेलं अ‍ॅव्हरेज. शेवटच्याचं कारण बहुतेकदा एक हरवलेली पावती असते. चोरीचा संशय त्या टेबलावर बोलून दाखवू नका. तपासायला जीपीएसचं अंतर मागा, तेवढं पुरतं.

तुम्हीही एक प्रश्न विचारा: डिझेलचं स्टेटमेंट आणि डिस्पॅचची रोजची यादी मला थेट बघता येईल का? 'अकाउंट्सकडून महिनाअखेर मिळेल' असं उत्तर आलं तर तिथे अहवाल लिहायचं काम आहे, उत्सर्जन कमी करायचं नाही. पगार ठीक असेल तर घ्या, पण पहिल्या आठवड्यात डिस्पॅचच्या सुपरवायझरशी ओळख करून घ्या आणि ती यादी त्याच्याकडून रोज सकाळी मोबाइलवर मागवायला लागा.